व्हॅट्समध्ये लीक टेस्ट स्वच्छ, रिकव्हरीत मात्र ड्रेन बुडबुडतोय

पुण्यात फुप्फुसाची सर्जरी करणारे ज्युनिअर सर्जन आणि अशा केसेसना भूल देणारे सहकारी, दोघांकडूनही हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: टेबलावर गळती दिसली नाही, मग ड्रेन (छातीत ठेवलेली नळी) का बुडबुडतो? व्हॅट्सने, म्हणजे छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्याच्या मदतीने, लोबेक्टमी (फुप्फुसाचा एक लोब, म्हणजे खंड, काढणं) नीट झाली, स्टेपल लाइन सुरेख दिसत होती, सलाइन टाकून फुप्फुस फुगवलं (हीच लीक टेस्ट) तर एक बुडबुडा नाही. पेशंटची श्वासाची ट्यूब काढली, रिकव्हरीत आणलं, तो खोकला आणि ड्रेनच्या बाटलीत बुडबुड्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. पाच दिवसांपुढे गेलं की त्याला प्रोलाँग्ड एअर लीक म्हणतात, आणि मग ड्रेनसकट पेशंट वॉर्डात अडकून पडतो. दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, कफ साठतो, इन्फेक्शनची भीती वाढते. सोलापूर-साताऱ्याकडून आलेल्या नातेवाइकांचं राहण्या-खाण्याचं गणित कोलमडतं ते वेगळंच. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर: टेबलावर बुडबुडे दिसले नाहीत, तर आधी टेस्ट खरोखर झाली का ते तपासा. फुप्फुसातून हवा गळतेय हे पाण्यात दिसायला दोन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. फुप्फुसाच्या त्या भागापर्यंत हवा पोचली पाहिजे, आणि तो भाग पाण्याखाली, कॅमेऱ्यासमोर असला पाहिजे. उघड्या थोरॅकोटमीत (छाती मोठी उघडून केलेल्या सर्जरीत) सर्जन हाताने फुप्फुस पाण्यात दाबून धरायचा, त्यामुळे दुसरी अट आपोआप पूर्ण व्हायची. व्हॅट्समध्ये दोन्ही अटी एकमेकींच्या आड येतात. फुप्फुस पूर्ण फुगवलं की छातीत जागाच उरत नाही, कॅमेऱ्याला फक्त गुलाबी भिंत दिसते. जागा ठेवायची म्हणून अर्धवट फुगवलं, तर मिटलेल्या भागातली गळती गप्प राहते. आणि फुप्फुस पाण्यावर तरंगतं. संशयाची जागा पाण्याबाहेर वर येते आणि आपण स्वच्छ पाण्याकडे बघत राहतो.

ड्रेन बुडबुडतोय, पण हवा फुप्फुसातूनच येतेय का?

ऑपरेशन संपलं असेल आणि बाटलीत बुडबुडे दिसत असतील, तर आधी स्वस्तातल्या गोष्टी बघा. छातीजवळ ड्रेन क्षणभर चिमटीत धरा. बुडबुडे थांबले तर हवा छातीतून येतेय. चालूच राहिले तर सांधा, कनेक्टर किंवा बाटलीचं झाकण सैल आहे; नळीवर पुढे पुढे चिमटी सरकवत गेलं की जागा सापडते. छातीतूनच येत असेल, तरी ती फुप्फुसातलीच असेल असं नाही. ड्रेनचं शेवटचं भोक त्वचेच्या काठाशी आलंय का ते बघा. युनिपोर्टलमध्ये (एकाच छिद्रातून केलेल्या सर्जरीत) ड्रेन बहुधा त्याच जखमेच्या कोपऱ्यातून बाहेर काढलेला असतो. तिथला स्नायूचा थर नीट जुळला नसेल, तर पेशंट स्वतः श्वास घेतो तेव्हा जखमेतून हवा आत ओढली जाते आणि खोकल्याबरोबर ड्रेनमधून बाहेर पडते. व्हेंटिलेटरवर असताना काहीच नव्हतं आणि ट्यूब काढल्यावर सुरू झालं, तर आधी या जखमेचा संशय घ्या. जखमेभोवती व्हॅसलिन गॉज दाबून धरल्यावर फरक पडला, तर उत्तर मिळालं.

छातीत उरलेली हवाही पहिल्या काही तासांत बाहेर पडतेच. ते बुडबुडे कमी कमी होत जातात. नळीतला पाण्याचा कॉलम श्वासाबरोबर वर-खाली होतोय आणि बुडबुडे नाहीत, ही गळती नव्हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. चिमटी तपासणीपुरती, काही सेकंदांची. बुडबुडणारा ड्रेन क्लॅम्प करून पेशंटला ट्रॉलीवर हलवू नका. हवेला बाहेर पडायची वाट बंद झाली की टेन्शन न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो, म्हणजे कोंडलेल्या हवेने फुप्फुस आणि हृदय दाबलं जातं. शिफ्टिंगच्या आधी सिस्टरना आणि वॉर्डबॉय मामांना हे दर वेळी सांगा, त्यांना माहीत असलं तरी सांगा. बाटली छातीच्या पातळीखाली ठेवायची, क्लॅम्प लावायचा नाही.

टेबलावर: हवा सगळीकडे पोचली का?

इथेच सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

फुगवायच्या आधी भूलतज्ज्ञांना ट्यूबच्या त्या बाजूच्या ल्युमेनमधून (पोकळीतून) सक्शन करायला सांगा. तासन्‌तास मिटलेल्या फुप्फुसात रक्त आणि कफ साचलेला असतो. एखाद्या सेगमेंटच्या (लोबच्या उपभागाच्या) तोंडाशी गुठळी बसली तर तो सेगमेंट फुगतच नाही. न फुगलेल्या भागावर कितीही सलाइन ओता, तो गळणार नाही. पेशंट रिकव्हरीत खोकतो, गुठळी सुटते, आणि मग गळतो.

डबल ल्युमेन ट्यूबची (डीएलटी, दोन फुप्फुसांसाठी दोन वेगळ्या पोकळ्या असलेली ट्यूब) जागा हे दुसरं कारण. पुण्यात बहुतेक ठिकाणी डावी डीएलटीच (टोक डाव्या ब्राँकसमध्ये, म्हणजे डाव्या फुप्फुसाच्या श्वासवाहिनीत, बसणारी) वापरतात. डाव्या बाजूची सर्जरी असेल आणि टोक खोल जाऊन खालच्या लोबच्या ब्राँकसमध्ये शिरलं असेल, तर वरचा लोब फुगत नाही. उजवी बाजू असेल आणि ट्यूब वर सरकली असेल, तर ब्राँकियल कफ (ट्यूबच्या टोकाजवळचा फुगा) करायनावर (श्वासनळी दुभंगते तिथे) येऊन उजवा मुख्य ब्राँकस अर्धवट झाकतो. कुशीवर वळवताना, मान हलताना ट्यूब सरकते, म्हणून सुरुवातीला पाहिलेली जागा तीन तासांनी तीच असेल असं धरू नका. लीक टेस्टच्या आधी ट्रॅकियल (श्वासनळीत उघडणाऱ्या) ल्युमेनमधून स्कोप घालून एक नजर टाकली तर दोन मिनिटं जातात. निळा कफ करायनाच्या जरा खाली, डाव्या ब्राँकसमध्ये दिसला की पुढे जायचं.

तिसरी गोष्ट बोलण्याची आहे. आपल्याकडे अनेक सर्जन सकाळी कोथरूडला, दुपारी हडपसरला अशा वेगवेगळ्या हॉस्पिटलांत केसेस करतात. प्रत्येक ठिकाणी भूलतज्ज्ञ वेगळे, मशीन वेगळं. तिथे नुसतं "मॅडम, लंग फुगवा" म्हटलं तर कुणी बॅग हलकेच दाबतं, कुणी जोरात. आकडा सांगा. "मॅडम, हळूहळू दहावर आणा. आता पंधरा. आता वीसवर धरा, मी सांगेपर्यंत." आकडे सेंटिमीटर पाण्याच्या दाबाचे. फुप्फुसाच्या पृष्ठभागासाठी वीस ते पंचवीस पुरतात, ब्राँकसच्या स्टंपसाठी (कापून बंद केलेल्या टोकासाठी) पंचवीस ते तीस. त्यापुढे जाण्यात फायदा नाही. एम्फिसीमाच्या (विरलेल्या, फुगीर) फुप्फुसात जास्त दाबाने स्टेपलची भोकं ताणली जातात आणि नसलेली गळती आपणच तयार करतो. शिवाय दाब धरून ठेवला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, बीपी पडतो. त्यामुळे भूलतज्ज्ञ "सोडते" म्हणाल्या की सोडू द्यायचं, वाद घालायचा नाही.

डीएलटी असेल तर आणखी एक चांगली सोय आहे. खालचं फुप्फुस मशीनवर चालू ठेवून, वरच्या फुप्फुसाला वेगळ्या सर्किटने पाच ते दहाचा सीपॅप (सतत ठेवलेला हवेचा दाब) देता येतो. फुप्फुस अर्धवट फुगलेलं राहतं, कॅमेऱ्याला जागा राहते, आणि मोठी गळती सलग बुडबुडत राहते. घाई न करता शोधता येतं. बारीक गळती एवढ्या दाबाला दिसणार नाही, तिच्यासाठी पुन्हा वीसवर जावंच लागतं. डीएलटीऐवजी ब्राँकियल ब्लॉकर (एका बाजूचा ब्राँकस बंद करणारा फुगा) असेल तर ही सोय सहसा मिळत नाही. फुग्यातली हवा सोडली की दोन्ही फुप्फुसं एकदम फुगतात.

फुगवल्यावर आधी पाण्याकडे बघू नका, फुप्फुसाच्या रंगाकडे बघा. जांभळट, दबलेला तुकडा उरलाय का? उरला असेल तर त्या भागाची टेस्ट झालेली नाही.

पाणी कुठवर आलं?

सलाइन कोमट हवं. थंड सलाइनने शरीराचं तापमान उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ओतताना फुप्फुसावर धार सोडू नका. कॅथेटरचं टोक छातीच्या भिंतीला टेकवून हळू सोडा, नाहीतर ओतण्याच्याच हवेने फेस होतो आणि मग खरा बुडबुडा कुठला ते कळत नाही. लालसर पाण्यात शोधत बसण्यात वेळ घालवू नका. ओढून घ्या, पुन्हा भरा. पाणी स्वच्छ असेल तर स्कोपचं टोक पाण्याखाली नेऊन बघा. पृष्ठभागावरची चकाकी जाते आणि बारीक गळतीही ठळक दिसते.

किती सलाइन, याला एक उत्तर नाही. ती जागा बुडेल इतकं. छाती काठोकाठ भरण्यापेक्षा टेबल फिरवणं जास्त उपयोगी पडतं. शिखराकडचा भाग तपासायचा असेल तर डोकं खाली करायला सांगा, पाणी तिकडे जाईल. तळ आणि इन्फीरिअर लिगामेंटसाठी (तळाशी फुप्फुस धरून ठेवणाऱ्या पडद्यासाठी) डोकं वर. टेबल पुढे कलवलं की पाणी पुढच्या बाजूला जमतं, मागे कलवलं की मागच्या. पेशंटचे पट्टे आधी तपासून घ्या. तरंगणारा भाग पीनट (गॉजचा छोटा गोळा) किंवा स्पंज स्टिकने पाण्याखाली दाबा, ग्रास्परने पकडून नको. ग्रास्परच्या दातांनी पडलेली चीर हे गळतीचं स्वतंत्र कारण आहे. फिशर तपासणं त्या मानाने सोपं: दोन लोबांमधली खोलगट जागा पन्हळीसारखी पाणी धरून ठेवते, तिथे शंभर-दोनशे मिली सोडलं तरी चालतं.

एकदाच पूर्ण फुगवून बघायचं आणि संपलं, असं करू नका. भागाभागाने जा. एक भाग बुडवा, दहा-पंधरा-वीस करत फुगवा, बघा, सोडा, पुढच्या भागाकडे वळा. स्टंप सगळ्यात आधी, कारण तिथली गळती दुर्लक्षित राहिली तर पुढचं संकट सगळ्यात मोठं.

रोबोटिकमध्ये एक वेगळा घोळ असतो. कार्बन डायऑक्साइड चालू असताना टेस्ट केली तर आतल्या गॅसच्या दाबाने फुप्फुस दबलेलं राहतं, आणि पोर्टमधून येणारा गॅस पाण्यात शिरला तर फसवे बुडबुडे येतात. गॅस बंद करा, एक पोर्ट उघडा, मग बघा. डॉक केलेल्या (पेशंटला जोडलेल्या) रोबोटखाली टेबल मनासारखं कलवता येत नाही, म्हणून मी तरी अनडॉक करून साध्या कॅमेऱ्याने बघणं पसंत करते.

खरा बुडबुडा कसा ओळखायचा

स्टेपल लाइनच्या घडीत, फिशरच्या कोपऱ्यात हवा अडकलेली असते. पाणी आलं की ती सुटते आणि दोन-चार बुडबुडे येऊन थांबतात. खरी गळती त्याच जागेवरून, प्रत्येक फुगवण्याबरोबर, पुन्हा पुन्हा येते. दाब सोडला की थांबते किंवा मंदावते. संशय असेल तर भिजवलेला पीनट त्या जागेवर टेकवा. बुडबुडे थांबले तर जागा तीच. आता पीनट तसाच ठेवून भूलतज्ज्ञांना दाब सोडायला सांगा. फुप्फुस मिटताना जागा इकडून तिकडे सरकते, आणि पीनट उचलला तर ती पुन्हा शोधत बसावं लागतं.

बघायच्या राहून जाणाऱ्या जागा बऱ्याचदा त्याच असतात. दोन स्टेपल फायरिंगचा सांधा. अर्धवट फिशर विजेरी हत्याराने मोकळा केला असेल तर त्याचा तळ. शिखरावरच्या जुन्या चिकटण्या सोडवलेली जागा. पहिला पोर्ट आत घालताना चिकटलेल्या फुप्फुसाला लागलेला टोचा, जो कॅमेऱ्याच्या पाठीमागे राहतो. आणि सबकरायनल (करायनाखालच्या) गाठी काढलेल्या ठिकाणी मुख्य ब्राँकसची मागची पातळ भिंत. या शेवटच्या जागेबद्दल विशेष काळजी घ्या: डाव्या डीएलटीचा फुगवलेला ब्राँकियल कफ नेमका जखमेवर आतून बसलेला असेल, तर तो गळती झाकून टाकतो. त्या भागात खोलवर काम झालं असेल तर शेवटची टेस्ट कफमधली हवा सोडून, दोन्ही फुप्फुसं चालवत करा.

मशीन काय सांगतं

व्हेंटिलेटर आत गेलेली आणि बाहेर आलेली हवा, दोन्ही मोजतो. फरक पडत असेल तर हवा कुठेतरी जातेय. पण हा आकडा एकट्याने वाचू नका. ट्यूबच्या कफभोवतीची गळती, सर्किटचा सैल सांधा, साइडस्ट्रीम कॅप्नोग्राफने (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राने) नमुन्यासाठी ओढलेली हवा (ही मिनिटाला दीड-दोनशे मिलीपर्यंत जाऊ शकते) हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून छाती उघडायच्या आधी फरक किती होता तो भूलतज्ज्ञांनी लिहून ठेवावा. शेवटी तेवढाच असेल तर चिंता नको. वाढला असेल आणि पाण्यात काही दिसत नसेल, तर पाण्याच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका, पुन्हा शोधा. हा आकडा सर्जनला जागा दाखवत नाही, पण शोध थांबवायचा की नाही ते सांगतो.

सापडल्यावर

गळती किती मोठी ते सांगणारं मॅकियारिनी स्केल लक्षात ठेवायला सोपं आहे: शून्य म्हणजे बुडबुडे नाहीत, एक म्हणजे मोजता येतील इतके, दोन म्हणजे सलग धार, तीन म्हणजे एकमेकांत मिसळणारे मोठे बुडबुडे. तीनला बंद केल्याशिवाय बाहेर यायचं नाही. दोनला बहुतेक वेळा काहीतरी करावं. एकला, उरलेलं फुप्फुस छाती भरून टाकत असेल तर, सोडून देणं बऱ्याचदा शहाणपणाचं. निरोगी फुप्फुसात बारीक प्रोलीनचा टाका छान बसतो. एम्फिसीमात मात्र प्रत्येक सुईचं भोक नवी गळती असते. तिथे प्लेजेटचा (टाक्याखाली ठेवायच्या छोट्या पट्टीचा) आधार घ्या, किंवा पॉलिग्लायकोलिक ॲसिडची शीट आणि फायब्रिन ग्लू. ग्लू बुडबुडत्या ओल्या जागेवर टाकला तर उचलला जातो. फुप्फुस मिटवा, जागा कोरडी करा, लावा, थांबा, आणि मग हळू फुगवा. सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये प्रत्येक जादा स्टेपल कार्ट्रिजचा आणि ग्लूचा हिशेब लावावा लागतो, याची मला जाणीव आहे. म्हणूनच जागा नेमकी सापडणं महत्त्वाचं. सगळीकडे ग्लू फवारणं परवडतही नाही आणि उपयोगीही नाही.

जुन्या टीबीच्या आणि एम्पायमाच्या (छातीत पू साठलेल्या) केसेसना हे नियम जसेच्या तसे लावू नका. औंधच्या उरो रुग्णालयासारख्या ठिकाणी किंवा ससूनला काम केलेल्या कुणालाही डिकॉर्टिकेशननंतरचा पृष्ठभाग माहीत असेल: साल काढली की ठिकठिकाणी बारीक बुडबुडे. ते एकेक शिवत बसलात तर फाटणंच वाढेल. तिथे प्रश्न एवढाच, की फुप्फुस फुगून छातीच्या भिंतीला सगळीकडे टेकतंय का. टेकलं तर बहुतेक गळत्या आपोआप मिटतात. मोठी एक-दोन भोकं, ब्राँकसपर्यंत पोचलेली, तेवढी शोधून बंद करा.

आणि इतकं करूनही काही गळत्या टेबलावर दिसणारच नाहीत. खोकल्याचा दाब आपण दिलेल्या वीस-पंचवीसपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यासाठी ऑपरेशन नोटमध्ये नुसतं "लीक टेस्ट निगेटिव्ह" लिहू नका. किती दाबाला, कुठले भाग बुडवले, कुठला सेगमेंट नीट फुगला नाही, कुठे ग्रेड एक सोडून दिलीय, काय लावलंय, हे चार ओळींत लिहा आणि रात्रीच्या रेसिडेंटला तोंडीही सांगा. रात्री दोनला ड्रेन बुडबुडताना पाहून सक्शन वाढवायचं, वॉटर सीलवर (सक्शनशिवाय) ठेवायचं की तुम्हाला फोन करायचा, हे त्याला त्या चार ओळींवरूनच ठरवायचं असतं. बुडबुडे फक्त श्वास सोडताना किंवा खोकताना येतायत, की सतत, हे त्याने दर राउंडला त्याच कागदावर लिहावं. सतत येत असतील, किंवा मानेत-चेहऱ्यावर चामडीखाली हवा पसरत असेल, तर रात्र कितीही झाली तरी त्याने फोन करावा.